आठ सिलिंडर, एक खिसा : जुनी लँड क्रूझर साकीनाक्याला आणण्याआधी

‘२०११, डिझेल, व्ही-एट, सिंगल ओनर, टॉप कंडिशन.’ खाली पांढऱ्या लँड क्रूझरचा फोटो, आणि किंमत अशी की तेवढ्यात टॉपची नवी फॉर्च्युनरही येत नाही. असा मेसेज कोणीतरी महिन्या-दोन महिन्यांनी मला पुढे पाठवतं आणि खाली दोनच शब्द लिहितं : ‘घेऊ का?’

गाडी घ्यायला पैसे आहेत का, हे मी विचारत नाही. ते असतात. मी विचारतो, आठ नोझलांना पैसे आहेत का? पुढचा फोन मग जरा उशिरा येतो.

या लेखात त्याच प्रश्नाचा हिशेब मांडतो आहे. जुन्या मोठ्या एसयूव्हीचं तांत्रिक पत्रक आपण कौतुकाने वाचतो. इतके सीसी, इतकी ताकद, इतकं टॉर्क. गाडी नवी असते तोवर ही माहिती असते. गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली की त्याच पत्रकातला प्रत्येक आकडा बिल होऊन घरी येतो. तेव्हा पत्रक समोर ठेवू आणि ओळ ओळ रुपयांत वाचू. उदाहरणाला टोयोटा लँड क्रूझर घेतली आहे. आपल्याकडे जुन्या व्ही-एट एसयूव्हींत सर्वांत जास्त विचारली जाते ती हीच. पुढाऱ्यांच्या ताफ्यांनी तिची जाहिरात फुकटात केली आहे.

बाजारात दोन पिढ्या भेटतात. एक ‘हंड्रेड’ मालिका, १९९८ ते २००७ या काळातली. तिच्यातलं पेट्रोल इंजिन ४६६४ सीसीचं, २ यूझेड-एफई नावाचं. दुसरी ‘टू हंड्रेड’, २००७ च्या अखेरीस जगात आली. भारतात तिचं डिझेल रूप टोयोटाने पूर्ण तयार अवस्थेत आयात करून विकलं. शेवटी शेवटी शोरूमची किंमत दीड कोटीच्या घरात गेली होती. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि तिची इथली विक्री थांबली. लोक ‘व्ही-एट घेतोय’ म्हणतात तेव्हा दहापैकी आठ वेळा या टू हंड्रेड डिझेलबद्दल बोलत असतात, म्हणून जास्त बोलणंही तिच्याबद्दलच.

पहिली ओळ : ४४६१ सीसी

इंजिनाचं नाव १ व्हीडी-एफटीव्ही. बोअर ८६ मिलिमीटर, स्ट्रोक ९६, सिलिंडर आठ, व्हॉल्व्ह बत्तीस, टर्बो दोन. ताकद मॉडेल आणि वर्षाप्रमाणे २६० ते २८५ अश्वशक्तीच्या पट्ट्यात, टॉर्क ६५० न्यूटन-मीटर. एका मारुती ८०० चं सगळं इंजिन ७९६ सीसीचं होतं, म्हणजे या एका बॉनेटखाली साडेपाच मारुती बसल्या आहेत. आठ सिलिंडरांमुळे क्रँक चतुर्थांश फिरला की एक ठिणगी, किंवा डिझेलच्या बाबतीत एक स्फोट होतो. सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला काहीच जाणवत नाही, ते या मोजमापामुळे. हे सुख खरं आहे, नाकारू नये.

आता रुपये. या इंजिनात एका वेळी दहा लिटरच्या आसपास ऑईल जातं. साध्या हॅचबॅकला तीन-साडेतीन लिटर लागतं. डिझेलला चालणारं चांगलं सिंथेटिक ऑईल लिटरला सातशे रुपये धरलं तरी सात हजार नुसत्या तेलाचे. त्यावर ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि लेबर. पुस्तकात लिहिलेलं अंतर मोकळ्या रस्त्यासाठी असतं. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर गाडी तासाला जेवढी सरकते त्यापेक्षा इंजिन फिरतं जास्त. म्हणून मुंबईत अंतर निम्म्यावर आणा, पाच ते साडेसात हजार किलोमीटरला ऑईल बदला. वर्षाला दोन सर्व्हिस धरल्या की नुसत्या रोजच्या देखभालीचे तीस हजार बाजूला काढायचे.

डिझेलचा हिशेब सोपा आहे. शहरात लिटरला सहा किलोमीटर धरा. आठ सांगणारा विक्रेता रात्री दीडला फ्रीवेवर चालवत असावा. महिन्याला हजार किलोमीटर, म्हणजे १६७ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर पंधरा हजार. टाकी मोठी, बहुतेक टू हंड्रेडना मुख्य ९३ आणि जोडीला ४५ अशा दोन टाक्या, एकूण १३८ लिटर. दोन्ही भरल्या तर एका वेळी बारा हजारांवर कार्ड घासावं लागतं. पहिल्यांदा पंपावरचा पोरगाही मीटरकडे बघत राहतो.

आठ नोझल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे जातो.

हे कॉमन-रेल डिझेल. प्रत्येक सिलिंडरला एक इंजेक्टर. आपल्याकडे अजून ‘नोझल’ म्हणतात. चार सिलिंडरच्या गाडीत एक नोझल गेला की मेकॅनिक म्हणतो, चारही काढून चेक करू. इथे तोच सल्ला आठांनी गुणायचा. एका नव्या इंजेक्टरला चाळीस हजार धरले, तर पूर्ण संच तीन लाख वीस हजार, लेबर वेगळं. एखादा थेंबथेंब गळायला लागला तर तो सिलिंडर जास्त तापतो, आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत वाट बघितली तर मग इंजिन खोलायचं काम निघतं. त्या कामाचा आकडा इथे लिहीत नाही. तोवर गाडीची किंमतच प्रश्नात आलेली असते.

चांगली गोष्ट अशी की हे आधी कळू शकतं. खरेदीआधी गाडीला स्कॅनर लावून इंजेक्टर करेक्शनचे आकडे पाहता येतात. प्रत्येक सिलिंडरला कंट्रोल युनिट किती जास्त किंवा कमी डिझेल देऊन सांभाळून घेतंय, ते त्यात दिसतं. आठांपैकी सात एका रांगेत आणि एक भलतीकडे, असं दिसलं तर विक्रेत्याशी बोलणं तिथून सुरू करायचं. इंजिन पूर्ण थंड असताना पहिल्यांदा सुरू करताना स्वतः हजर राहा. ‘साहेब, तुमच्यासाठी गरम करून ठेवली’ हे वाक्य ऐकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. थंड इंजिन सुरू होताना पांढरा धूर जास्त वेळ राहतो का, आठही सिलिंडर एकदम धरतात की एखादा मागून येतो, हे त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात कानाला कळतं.

दुसरी तपासणी एअर फिल्टरची. टू हंड्रेडच्या डिझेलमध्ये फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट न बसून धूळ आत जाण्याची तक्रार जगभर ऐकू येते. साकीनाका-खैरानी रोडच्या धुळीत ती जास्त महत्त्वाची. फिल्टर काढा, पुढच्या स्वच्छ बाजूच्या पाइपात बोट फिरवा. बोटाला बारीक माती लागली तर ती टर्बोतून सिलिंडरपर्यंत गेलेली आहे. ही तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांची, तरी दहातला एक जणही ती करत नाही.

तिसरं म्हणजे किलोमीटर. मुंबईत या गाड्यांचा मोठा वर्ग ताफ्यातला किंवा शेठच्या दारातला. साहेब आत, ड्रायव्हर बाहेर, इंजिन चालू, एसी चालू. काट्यावर नव्वद हजार, पण इंजिन फिरलंय दोन लाखांचं. सीटची कड, ब्रेक पेडलचं रबर आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेच्या बटणाची झिजलेली खूण काट्यापेक्षा खरं बोलतात.

चेन, बेल्ट आणि ‘व्ही’च्या पोटातला सेल्फ

टू हंड्रेड डिझेलला टायमिंग चेन. बदलायचं ठरलेलं अंतर नाही, म्हणून ‘मेन्टेनन्स फ्री’ असं सांगतात. चेन ऑईलवर जगते. ऑईल वेळेवर बदललं नाही तर तीही खडखडते.

जुन्या हंड्रेडच्या पेट्रोल इंजिनाला मात्र टायमिंग बेल्ट आहे. तो एक ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलायचा, आणि तो बदलताना वॉटर पंप, टेन्शनर, आयडलर सगळं एकदमच करायचं. समोरचा भाग पुन्हा उघडायचं लेबर वाचतं. बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून किंमत ठरवा. याच इंजिनाचा सेल्फ दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलेला आहे. साध्या गाडीचा सेल्फ फिटर गाडीखाली सरकून अर्ध्या तासात काढतो. इथे अर्धं इंजिन वरून मोकळं करावं लागतं. म्हणून व्ही-एटच्या बाबतीत ‘पार्ट केवढ्याचा’ एवढंच विचारून भागत नाही, ‘तिथे पोचायला किती तास’ हेही विचारावं लागतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा जाणं हे या पेट्रोल इंजिनाचं जुनं दुखणं. थंड असताना टिकटिक, तापल्यावर आवाज बंद. विक्रेता टॅपेटचा आवाज म्हणेल.

पेट्रोलवाल्यांसाठी आणखी एक. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. २००४ च्या इंजिनाचे रबरी पाइप आणि सील त्या हिशेबाने बनलेले नव्हते. इंधनाच्या नळ्या दरवर्षी एकदा बघून घ्या, वास आला तर थांबू नका.

‘मग ऑडी क्यू-सेव्हन घेऊ का, तीही व्ही-एट डिझेल मिळते आणि स्वस्त पडते,’ असंही विचारतात. ४१३४ सीसीचं ते इंजिन चालवायला लँड क्रूझरपेक्षा चपळ आहे, यात वाद नाही. पण त्याच्या टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे आहेत. चेनचं काम निघालं की इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत नाही. एअर सस्पेन्शन असेल तर तो आणखी एक अध्याय. स्वस्त मिळण्याचं कारण तिथेच आहे.

वजन, चाकं आणि तेलाच्या पाच जागा

टू हंड्रेडचं वजन २६०० किलोच्या पुढे. लांबी ४९५० मिलिमीटर, रुंदी १९७०, व्हीलबेस २८५०. स्विफ्ट १७३५ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे ही तिच्यापेक्षा बरोबर एक वीत जास्त. खैरानी रोडला समोरून टेम्पो आला की ती एक वीत आठवते.

हे वजन ब्रेक पॅड आणि टायर खातं. टायरचा आकार २८५/६० आर १८. चांगल्या कंपनीचे चार घेतले तर लाखाच्या आसपास बजेट ठेवा, पाचवा स्टेपनीचा. जुन्या गाडीत टायरची नक्षी चांगली दिसते, पण वय पाहा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो : ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. सात-आठ वर्षांचे टायर असतील तर ते लाख रुपये खरेदीच्या बोलण्यातच वजा करा.

गाडी कायम चारही चाकांवर चालणारी. इंजिन सोडून तेल आणखी चार ठिकाणी : ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल. एकूण पाच जागा. जुन्या मालकाने इंजिन ऑईल बदललेलं असतं. बाकीच्या चारांचं बिल बहुतेकांकडे नसतं. गाडी हातात आल्यावर पहिल्या महिन्यात हे सगळं एकदा बदलून घ्या, म्हणजे तुमचा हिशेब शून्यापासून सुरू होईल. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकप हे खड्ड्यांच्या शहरात चार-पाच वर्षांनी येणारच. काही हंड्रेडना उंची कमी-जास्त करणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन आहे. ते चालू असेल तर सुंदर, पण बिघडलेलं असेल तर दुरुस्त करण्यापेक्षा साधे शॉकप बसवून मोकळं होणारेच जास्त भेटतात.

साकीनाक्याचा फायदा

आता या जागेच्या बाजूने बोलू. ही गाडी ठेवायला मुंबईत साकीनाका वाईट जागा आहे आणि दुरुस्त करायला फार चांगली.

खैरानी रोड, सफेद पूल, जरीमरी, काजूपाडा या पट्ट्यात लहान-मोठे गाळे आहेत. इथे लेथ आहे, हायड्रॉलिक प्रेस आहे, वेल्डिंग आहे, रेडिएटर खोलून साफ करणारा आहे, सेल्फ-डायनामो रिवाइंड करणारा आहे. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ‘असेंब्ली बदलावी लागेल’ असं एस्टिमेट येतं, तिथे इथला कारागीर विचारतो, ‘आतलं नेमकं काय गेलंय?’ बुश एकटा मिळाला तर पूर्ण आर्म बदलायची गरज नसते. जुना प्रेसवर काढून नवा बसवता येतो. ब्रेक डिस्कवर लाटा पडल्या असतील आणि जाडी अजून मर्यादेत असेल तर लेथवर घासून घेता येते. सायलेन्सरचा गंजलेला तुकडा कापून नवा पाइप जोडता येतो. सुट्या भागांसाठी जुना रस्ता कुर्ला आणि ऑपेरा हाउस. कटिंगच्या गाडीतून काढलेला माल, दरवाजाची काच, आरसा, आतलं प्लॅस्टिक, हे कुर्ल्याच्या बाजूला शोधायचं. सेन्सर, इंजेक्टर, वॉटर पंप यांच्या बाबतीत मात्र जुना माल घेऊ नका. तो ज्या गाडीतून निघाला ती का कापली गेली, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही.

इथल्या गाळ्यावर तुम्हाला तीन शब्द ऐकू येतील : ओरिजिनल, ओईएम, डुप्लिकेट. ओरिजिनल म्हणजे टोयोटाच्या पुडक्यातला. ओईएम म्हणजे जो कारखाना टोयोटाला देतो त्याच्याच नावाच्या पुडक्यातला, बहुतेकदा वस्तू तीच आणि पैसे कमी. डुप्लिकेट म्हणजे छपाई चांगली. इंजेक्टर आणि फिल्टरमध्ये ओईएमपर्यंत उतरा, त्याखाली नको.

आणि गाळ्यावाल्याशी बोलताना : एस्टिमेट कागदावर घ्या, जुना काढलेला पार्ट परत मागा, जीएसटीसह बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर २८ टक्क्यांऐवजी १८ टक्के जीएसटी आहे. जुन्या दराने लावलेलं बिल आलं तर दाखवून द्या. मला एकदा एका गाळ्यावर बदललेला म्हणून दाखवलेला पंप नंतर धुऊन-पुसून परत बसवलेला माझाच जुना निघाला. तेव्हापासून मी पार्ट काढायच्या आधी त्यावर खडूने एक रेघ मारतो. ‘साहेब, भरोसा नाही का?’ असं विचारतात. ‘तुझ्यावर आहे, माझ्या नशिबावर नाही,’ म्हणायचं.

स्कॅनर, एअरबॅग, गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक काम मात्र अधिकृत वर्कशॉपमध्ये किंवा खास या गाड्याच करणाऱ्या माणसाकडे. लेथवर सॉफ्टवेअर घासता येत नाही.

कागदांचं बिल

हे लोक विसरतात, आणि इथे आकडे पक्के आहेत.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०११ ची गाडी म्हणजे मुदत २०२६ मध्ये संपते. साध्या गाडीला नूतनीकरणाचं शुल्क ५००० रुपये आहे. आयात चारचाकीला १ एप्रिल २०२२ पासून ४० हजार. आरसीवर गाडी ‘इम्पोर्टेड’ म्हणून नोंदलेली आहे का, ते आधी पाहा. पूर्ण आयात झालेली लँड क्रूझर साधारण त्याच रकान्यात असते. आणि वीस वर्षं ओलांडली की ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीप्रमाणे आयात चारचाकीला ८० हजार. २००४ ची हंड्रेड घेणाऱ्याने हे वाचून दोन मिनिटं थांबावं. मुदत उलटून गेल्यावर अर्ज केला तर महिन्याला पाचशे रुपये जास्त. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी. गाडीचा नंबर टाकून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर रक्कम पाहता येते. नूतनीकरणाआधी गाडीची तपासणी होते, त्यामुळे धूर, दिवे आणि ब्रेक आधी ठीक करून घ्या. पत्त्याप्रमाणे तुमचं कार्यालय अंधेरीचं एमएच ०२ असेल किंवा वडाळ्याचं एमएच ०३. आणि एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्याने हाय सिक्युरिटी नंबर प्लेट : ७४५ रुपये अधिक जीएसटी. या गाडीवरचं सर्वांत स्वस्त काम हेच.

विमा. पंधराशे सीसीच्या वरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता ७८९७ रुपये, जीएसटी धरून ९३१८. गाडी ४४६१ सीसीची असो की १६०० ची, हप्ता तोच. इथे व्ही-एटवाल्याला क्षणभर बरं वाटतं. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात मात्र झीज कापतात. दहा वर्षांवरच्या गाडीत धातूच्या भागांवर ५० टक्के, आणि प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरीवर गाडीचं वय काहीही असलं तरी ५० टक्के. बॉनेट आणि बंपर मिळून दोन लाखांचं बिल आलं तर एक लाख तुमच्या खिशातून. झीज न कापणारं कव्हर एवढ्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. ती फार खाली ठेवून हप्ता वाचवू नका, गाडी चोरीला गेली तर तेवढेच मिळणार.

दिल्लीची गाडी, भूतानची गाडी

डिझेल लँड क्रूझर दिल्ली नंबरवर मुंबईपेक्षा खूप स्वस्त दिसते. कारण सोपं आहे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाच्या आणि नंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली. पुढे नियमांत मागे-पुढे होत राहिलं, पण तिथल्या मालकाला गाडी विकायची घाई असते. ती इथे आणायची तर तिथल्या आरटीओचं नाहरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आणि इथला कर. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी कर २० टक्के, जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो. वाचलेले पैसे त्यात किती जातात ते मोजून मगच विमानाचं तिकीट काढा.

आणि जी गाडी अवास्तव स्वस्त आहे, तिची आयात कशी झाली ते विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने ‘ऑपरेशन नुमखोर’ नावाने छापे घातले. भूतानमार्गे आणून बनावट कागदांवर इथे नोंदवलेल्या गाड्या असल्याचा आरोप होता, आणि त्यांत लँड क्रूझरही होत्या. अशी गाडी जप्त झाली तर तुम्ही प्रामाणिक खरेदीदार होता, हे सिद्ध करत फिरण्यात वर्षं जातात. मूळ बिल किंवा बिल ऑफ एंट्रीची प्रत, आरसीवरचा चासी नंबर आणि चासीवर प्रत्यक्ष ठोकलेला नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत. नंबर वाचायला टॉर्च आणि एक ओलं फडकं न्या.

मुंबईची गाडी असेल तर पाणी. मिठी नदीच्या काठचे आपण, हे सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर धुऊन-पुसून विकलेल्या गाड्या वर्षानुवर्षं बाजारात फिरत राहिल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या फुटावर चिखलाची रेघ दिसते का पाहा. पुढच्या सीटखालचे बोल्ट गंजलेत का, गालिच्याखाली वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशी आहे का, हेही.

उभी कुठे करणार?

सगळं जमलं, तरी एक प्रश्न राहतो. चांदिवली-साकीनाक्याच्या अनेक नव्या इमारतींत स्टॅक पार्किंग आहे. त्या पॅलेटजवळ एक पाटी असते : कमाल वजन, लांबी, रुंदी, उंची. बहुतेक पॅलेट दोन-सव्वादोन टनांसाठी बसवलेले असतात. ही गाडी रिकामी असतानाच २६०० किलोच्या पुढे, त्यात दोन टाक्या भरलेल्या असतील तर डिझेलचंच वजन शंभर किलोच्या वर. सोसायटीला हे नंतर कळलं तर गाडी रस्त्यावर, आणि रस्त्यावर म्हणजे रोज एक नवा ओरखडा. त्यामुळे टोकन देण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन ती पाटी वाचा, फोटो काढा, आणि खुल्या जागेतला खांब ते खांब टेपने मोजा. १९७० मिलिमीटर गाडी आहे. दोन्ही बाजूंना दार उघडून माणूस उतरायला आणखी निदान सातशे लागतील.

मुंबईच्या प्रवेशद्वारांवरचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना नाही, त्यामुळे ठाणे किंवा वाशीला टेस्ट ड्राइव्हला नेली तर तेवढे तरी वाचतील. मी तरी साकी विहार रोडने पवईकडे, तिथून जोडरस्त्याने पूर्व द्रुतगतीला आणि परत, अशी नेतो. आधी कोंडी, मग चढ, मग मोकळा पट्टा. कोंडीत तापमानाचा काटा आणि मागच्या सीटचा एसी. चढावर गिअर पकडताना धक्का बसतो का. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीला मागून गुणगुण येते का. येत असेल तर डिफरन्शियल. परत आल्यावर इंजिन बंद करू नका, बॉनेट उघडा, पाच मिनिटं तशीच चालू ठेवा आणि ऑईलचं झाकण काढून धूर किती येतो ते बघा. विक्रेत्याला घाई असेल तर त्याला चहा पाजा.

पैशाचं माझं म्हणणं एवढंच : समजा गाडी तीस लाखांना ठरली, तर खात्यात छत्तीस हवेत. एक लाख टायरला, एक लाख पाच जागांचं तेल, पॅड, बुश आणि बॅटऱ्यांना. या डिझेलमध्ये बऱ्याचदा बॅटऱ्याही दोन असतात. चाळीस हजार नोंदणीला, आणि साडेतीन लाख त्या आठ नोझलांसाठी मुदत ठेवीत. ते लागले नाहीत तर व्याज तुमचं. आणि छत्तीस नसतील, तीसच असतील, तर चार सिलिंडरची फॉर्च्युनर घ्या. पुढाऱ्यांच्या ताफ्यात तीही असते, फक्त दुसऱ्या नंबरला.